फळझाडांची रोपवाटिका : विश्वासावर उभा असलेला व्यवसाय

आंब्याचे कलम विकत घेताना शेतकऱ्याच्या हाती पडते ती हातभर काडी आणि तिला फुटलेली चार पाने. ते ज्या जातीचे म्हणून घेतले त्याच जातीचे आहे काय, याची खात्री सामान्य गिऱ्हाइकाला फळ धरल्यावरच, म्हणजे साधारणतः पाच वर्षांनी पटते. तोवर खड्डे, खत, कुंपण आणि पाणी यांवर त्याचा पैसा खर्च झालेला असतो. यास्तव रोपवाटिकेचा चालक हा केवळ रोपांचा विक्रेता नव्हे. तो भावी बागेचा जामीनदार होय.

महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी परवान्याची तरतूद १९६९ च्या कायद्याने झाली. पुढे १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि कलमांची मागणी झपाट्याने वाढली. कोकणात अनेकांना हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून खुला झाला.

या व्यवसायाचा पाया म्हणजे मातृवृक्ष. जातिवंत, नीरोगी व भरपूर फळणाऱ्या झाडाचीच काडी घ्यावयाची असते. कोय कलमासाठी पावसाळ्याच्या प्रारंभी ताज्या कोयी रुजत घालतात. रोपांची पाने तांबूस व खोड कोवळे असतानाच, साधारण दोन आठवड्यांच्या आत, त्यांवर पाचरीसारखी तासलेली काडी बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. काडीची पाने आठ-दहा दिवस आधीच छाटलेली असावी लागतात. हा मुहूर्त चुकला की त्या रोपांवर कोय कलम साधत नाही.

म्हणूनच चालकाला हाताच्या कसबाइतकेच हिशेबाचे भान लागते. दहा हजार कलमे विकावयाची आहेत आणि शंभरातील सत्तर जगतील असे धरले, तर सुमारे १४,३०० कलमे बांधावी लागतात. शंभर कोयींतून ऐंशी रुजल्या, तर कोयी जवळजवळ १८,००० हव्यात. पिशव्या, माती, शेणखत, मजुरी यांचा खर्च आधी होतो. विक्री मात्र पुढच्या पावसाळ्यात.

या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाने प्रथम एक-दोन हंगाम कुशल कलम-कारागिराच्या हाताखाली काढावेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थांचे मार्गदर्शनही त्याने घ्यावे. पुढे कारागिरांना वर्षभर काम देणे, प्रत्येक वाफ्याची जात व मातृवृक्ष नोंदवहीत लिहिणे आणि शंका असलेला वाफा तोटा सोसून बाजूला काढणे, ही कामे त्याच्या माथी येतात. यांतील शेवटचे सर्वांत कठीण. परंतु रोपवाटिकेचे नाव त्यावरच टिकते.

ग्रामपंचायती आणि शाळाही रोपे खरेदी करतात. त्या वेळी केवळ कमी दर न पाहता परवाना, पावती आणि मातृवृक्षाची नोंद मागावी. असे प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर प्रामाणिक रोपवाटिकांना त्याहून मोठे अनुदान कोणते?