‘औंदा तरी गोड बातमी?’

मांडव्याला रो-रोतून उतरलात. रेवदंडा मागे पडलं, मुरूडची नारळीची झाडं दिसायला लागली. गाडीत मखराचं सामान, मिठाईचे बॉक्स, आणि मागच्या सीटखाली बर्फाची पिशवी घातलेला एक छोटा डबा. त्यात इंजेक्शनं आहेत. घरात कुणाला माहीत नाही.

दारात पाय धुताय तोवरच शेजारच्या काकू विचारतात, ‘काय गो, औंदा तरी गोड बातमी?’

ऑफिसात कुणी असं विचारलं, तर तुम्ही त्याला सरळ गप्प कराल. इथे तसं करता येत नाही, कारण काकूंच्या मनात काही वाईट नसतं! गौरीच्या हळदीकुंकवाला ओटीत नारळ घालताना आजेसासूबाई म्हणतात, ‘पुढल्या वर्षी बाळाला घेऊन ये.’ हा आशीर्वाद असतो. तो डोळे पुसत घ्यावा लागतो, हीच पंचाईत. त्यात ओवशाची सुपं मांडली जातात आणि गेल्या वर्षी लग्न झालेली धाकटी जाऊ सातव्या महिन्याचं पोट सांभाळत सूप उचलते. तिचा आनंद वाटतोच. तरी मागच्या पडवीत जाऊन दोन मिनिटं उभं राहावंसं वाटतं. उभं राहा. कुणाला हिशेब द्यायचा नाहीये.

आता नवरोबांशी थोडं बोलायचंय. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल तर त्याला वंध्यत्व म्हणतात. जगात दर सहा माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. पण प्रश्न येतो तो फक्त तिला, आणि तेव्हा तुम्ही मखराला लायटिंग करत असता. घर तुमचं, काकूही तुमच्या. मग उत्तर तुम्हीच द्या की! ‘काकू, डॉक्टरांकडे जातोय आम्ही, झालं की पहिला पेढा तुम्हाला.’ एवढं पुरतं. रिपोर्टमध्ये काय आहे, ते दोघांतच राहू दे.

आणि यात लपवण्यासारखं तरी काय आहे? मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीममुळे हर्षाचा जन्म झाला तो 6 ऑगस्ट 1986ला. ती टेस्ट ट्यूब बेबी 2016 मध्ये स्वतः आईसुद्धा झाली.

पण कॅलेंडर मात्र आधी बघा. आयव्हीएफ चालू असेल तर शेवटचं ट्रिगरचं इंजेक्शन ठरलेल्या तासालाच घ्यावं लागतं, आणि साधारण 34 ते 36 तासांनी स्त्रीबीजं काढतात. तो दिवस गौरीपूजनाला आला तर? म्हणून सायकल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सणाच्या तारखा सांगा. महिनाभर पुढे ढकललं तर चालेल का, हेही विचारून घ्या. हरतालिकेच्या उपासाचंही त्यांनाच विचारा, सासूबाईंना नाही.

डब्याचं काय? बरीचशी इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात, म्हणजे फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. गावाकडच्या फ्रीजमध्ये सणाला दूध, खोबरं, नि भाजी ठासून भरलेली असते आणि दिवसातून चाळीस वेळा दार उघडतं. त्यात लाइटचा भरवसा नाही. तेव्हा बर्फाच्या पिशव्या जास्त न्या, डबा अपारदर्शक घ्या, आणि घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्या. नणंद, वहिनी, कुणीही चालेल. डबा कुठे आहे हे तिला ठाऊक असेल आणि रात्री आठ वाजता ‘हिला जरा बरं नाही’ म्हणत ती तुम्हाला आरतीतून बाहेर काढेल.

यंदा गौरीचं जमणारच नाही असं वाटत असेल, तर चतुर्थीला जा, गणपतीला नमस्कार करा, दुसऱ्या संध्याकाळी परत या. सुट्टीच मिळाली नाही, हे कारण गावात सगळ्यांना पटतं. काकू तुमच्या बॉसला शिव्या घालतील. घालू देत.