अर्धं तिकीट

पहाटे साडेपाचला रात्री भिजत घातलेले तांदूळ वाटायला घेतले. तारकर्लीत आमच्या माडांच्या बागेत दोन खोल्या आहेत, त्या मी पर्यटकांना देते. सध्या डोंबिवलीचं कुटुंब आहे: नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि ऐंशीला टेकलेल्या आजी. जानेवारीतल्या मंगळवारी आले म्हणून भाव परवडला. नाताळात माझ्याकडे कुणी स्वस्त मागू नये. पावसाळाभर समुद्र खवळलेला, मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद. ते महिने मी नाताळच्या आठवड्यातल्या पैशांवर काढते.

साडेसहाला किनाऱ्यावर रापण ओढत होते. मुलीला घेऊन गेले. दोन्हीकडून माणसं दोर ओढत मागे सरकत होती. तिनेही दोर धरला. जाळ्यात तारली आणि थोडे पेडवे. “एवढा ओढून एवढाच?” म्हणून एकजण हसला. मुलगी मात्र तळहात लाल करून खूश. याला पैसे पडत नाहीत.

आठला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. बापाने मोबाइल काढला. “काकी, स्कूबा धरला, डॉल्फिनची बोट धरली, तर...” बेरीज बघून त्याचा घास थांबला. म्हटलं, दोन्हींतलं एकच करा, तेही उद्या. आज एसटीने धामापूरला जा. इथे येणारे समुद्र बघून परत जातात, वीसेक किलोमीटरवरचं तळं बघत नाहीत, याचा मला राग येतो. १५३० मध्ये नागेश देसाईंनी डोंगरांच्या मध्ये बांध घालून हे तळं केलं. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती झाडी. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन रचना म्हणून मान मिळाला. मुलीला मात्र मी दुसरीच गोष्ट सांगितली: गरिबाघरी लग्न असलं की परडीत फुलं घालून तळ्यात सोडायची आणि दागिने मागायचे. परडी सोन्याने भरून यायची. लग्न झालं की सोनं परत. एकाने परत केलं नाही, तेव्हापासून तळं देत नाही.

“कोणी ठेवलं?”

“त्याचं नाव कुणी सांगत नाही.”

नऊला गाडी. मालवणला उतरून कुडाळची धामापूरमार्गे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, मुलीलाही अर्धं, पंच्याहत्तरीपुढच्या आजींना काहीच नाही. चार माणसं दोन तिकिटांत!

मग चादरी, विहीर, नारळ, सोलकढी. दुपार कशी गेली कळलं नाही.

साडेचारला मालवण बंदरावर मासळीचा लिलाव. तळ्यावरून परतणारी ती मंडळी तिथेच भेटली. सुरमईचा भाव ऐकून मी बांगड्यांकडे वळले. आजी म्हणाल्या, “तिथे दोन तास नुसती बसले. कुणी उठ म्हणालं नाही.” समोर किल्ला सोनेरी दिसत होता. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे मुलीला सांगून टाकलं. आता उद्या किल्ला होणार आणि स्कूबा राहणार, बापाच्या चेहऱ्यावरून कळलंच.

आठला बांगड्याचं तिखलं आणि भात.

दहाला फोन. “काकी, शनिवारी खोली मिळेल का? जरा स्वस्तात?”

“मंगळवारी या.”

“मंगळवारी रजा कोण देतो हो?”

तेही खरंच. शनिवारचा भाव सांगितला.