मिग–२१ विमान
सोव्हिएट रशियात मिकोयान व गुर्येव्हिच यांच्या अभिकल्प कार्यालयाने तयार केलेले स्वनातीत वेगाचे, एक एंजिनी लढाऊ विमान. त्रिकोणी पंख, साधी रचना व दणकट बांधणी ही त्याची वैशिष्ट्ये होत. भारतीय हवाई दलात ते १९६३ मध्ये दाखल झाले. पुढे नासिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरॉनॉटिक्स लिमिटेड या कंपनीने त्याचे उत्पादन केले.

उंचावरून येणाऱ्या शत्रूच्या विमानांना अडविणे, हे त्याचे मूळ कार्य. ओझर येथील ‘एफएल’ प्रकारात क्षेपणास्त्रांवरच भिस्त असून अंगभूत तोफ नव्हती. ही उणीव पोटाखाली २३ मिमी.ची जोडनळी तोफ बसवून दूर करण्यात आली.

१९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात या विमानाने मूळ कार्याबाहेरची कामगिरी बजावली. पूर्व आघाडीवर त्याने सूर मारून ५०० किग्रॅ.चे बाँब टाकले आणि ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी निकामी केली. परिणामी तेथील पाकिस्तानी सेबर विमानांना उड्डाण करणे अशक्य झाले. १४ डिसेंबर रोजी विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली राज्यपाल भवनावर रॉकेटांचा मारा झाला. त्यानंतर लगेच राज्यपाल ए. एम. मलिक यांनी राजीनामा दिला. पश्चिमेस १२ डिसेंबर रोजी फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर स्टारफायटर हे विमान पाडले, तेही तोफेनेच.

तोकडा पल्ला व उतरतानाचा अतिवेग हे त्याचे दोष होत. पुढील दशकांतील अपघातांत अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे ते सेवेतून निवृत्त करण्यात आले.