अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि प्रकार २ चा मधुमेह

अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणजे घरच्या स्वयंपाकात सहसा न आढळणारे घटक (उदा. माल्टोडेक्स्ट्रिन, पायसीकारके, कृत्रिम स्वाद व रंग) वापरून कारखान्यात बनवलेले, बहुधा थेट खाण्यास तयार असलेले पदार्थ. आहारात अशा अन्नाचे प्रमाण अधिक असणाऱ्यांमध्ये प्रकार २ चा मधुमेह अधिक प्रमाणात आढळतो. हा संबंध मात्र सर्व पदार्थांच्या बाबतीत सारखा नाही.

वर्गीकरण

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ साली मांडलेल्या विचारातून 'नोव्हा' ही पद्धती विकसित झाली. तिच्या पहिल्या गटात धान्ये, डाळी, भाज्या, दूध. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर, गूळ. तिसऱ्यात या दोहोंच्या मिश्रणातून होणारे साधे पदार्थ, तर चौथ्यात अतिप्रक्रियायुक्त अन्न येते. कोल्हापुरी मिसळीच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो. मटकीची उसळ आणि कट हे घरगुती स्वयंपाकाचे पदार्थ होत. हलवायाने बेसन, तेल व मसाल्यांतून तळलेली शेवही चौथ्या गटात मोडत नाही. सोबतचा ब्रेड मैदा, पाणी, मीठ व यीस्ट एवढ्यांचाच असेल तर तो तिसऱ्या गटातला. त्यात पायसीकारके घातली असतील तर तोच ब्रेड चौथ्या गटात जातो. ताटातील रूप एकच, पण गट वेगळा.

अभ्यास

अमेरिकेतील सुमारे १ लाख ९८ हजार आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घकालीन नोंदींवर आधारित अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक अतिप्रक्रियायुक्त अन्न खाणाऱ्या पंचमांश गटात मधुमेहाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी अधिक आढळला. पदार्थनिहाय पाहता मैद्याचा ब्रेड, सॉस, गोड पेये (कृत्रिम गोडी असलेलीही), प्रक्रियायुक्त मांस आणि तयार जेवणे यांचा संबंध वाढत्या धोक्याशी दिसला. अखंड धान्याचा ब्रेड, न्याहारीची धान्ये व दही यांचा संबंध उलट, म्हणजे कमी धोक्याशी होता. युरोपातील आठ देशांमधील ३ लाखांहून अधिक व्यक्तींच्या २०२४ च्या अभ्यासातही गोड पेये, मांसजन्य पदार्थ, खारे खाऊ व तयार जेवणे धोक्याच्या बाजूस राहिली. त्यात ब्रेड, बिस्किटे व न्याहारीची धान्ये यांचा एकत्रित गट मात्र कमी धोक्याशी जोडलेला दिसला. यावरून बिस्किटे मधुमेहापासून रक्षण करतात असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ब्रेड, बिस्किटे आणि धान्ये येथे एकाच गटात मोजली गेली आहेत.

हे सर्व निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. वजनाचा हिशेब धरल्यावर संबंध क्षीण होतो, म्हणजे त्याचा काही भाग वजनवाढीतून येत असावा. या दिशेने एक प्रायोगिक पुरावाही आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ च्या प्रयोगात २० जणांना दोन-दोन आठवडे आळीपाळीने दोन आहार दिले गेले. समोर ठेवलेल्या जेवणातील उष्मांक, साखर, स्निग्धांश व तंतू यांचे प्रमाण जुळवलेले असूनही अतिप्रक्रियायुक्त आहारावर ते दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होते आणि त्यांचे वजन वाढले.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतीयांमध्ये मध्यम वजनातही शरीरातील चरबी अधिक असते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. २००४ साली त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली: दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. त्यामुळे पाश्चात्त्य आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत.

कोल्हापुरात गुळाविषयी एक गैरसमज दृढ आहे. २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला येथील गूळ गुऱ्हाळात उसाचा रस आटवून होतो आणि तो अतिप्रक्रियायुक्त नाही, हे खरे. तथापि त्यातील मुख्य घटक साखरेप्रमाणेच सुक्रोज आहे. मधुमेही व्यक्तीच्या रक्तशर्करेला तो साखरेइतकाच जड जातो. 'नैसर्गिक' हे विशेषण तेथे उपयोगी पडत नाही.

वेष्टनावरील ओळख

भारतात वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा मैदा आणि शेवटी ४७१ यांसारखे पायसीकारकाचे क्रमांक आढळल्यास पदार्थ बहुधा चौथ्या गटातला असतो.