इंग्रजी वाक्यातील संयुक्त शब्दयोगी रचना : सीमाभागातील विद्यार्थ्याच्या भाषांच्या आधारे एक विचार

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खानापूर तालुक्यात जांबोटी हे गाव आहे. या परिसरातून पुढील शिक्षणासाठी खानापूर अथवा बेळगावला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरची भाषा मराठी असते, काहींची उर्दू असते. कचेरीचा व्यवहार तो कन्नडमधून करतो. आणि महाविद्यालयात आल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे पत्र, नेमणुकीचा आदेश या सर्व गोष्टी त्याच्यापुढे इंग्रजीतून येतात. या इंग्रजीत सुटे शब्द त्याला फारसे अडवत नाहीत. तो अडतो तो 'इन ल्यू ऑफ', 'ऑन बिहाफ ऑफ', 'इन अकॉर्डन्स विथ', 'विथ अ व्ह्यू टू' यांसारख्या दोन-तीन शब्दांच्या जुळण्यांपाशी. व्याकरणात यांना संयुक्त प्रेपोझिशन म्हणतात. प्रस्तुत लेखात या रचना वाक्यात कशा चालतात आणि आपल्या वर्गात त्या कशा शिकवाव्यात, याचा विचार केला आहे. सोयीसाठी इंग्रजी शब्द देवनागरीतच दिले आहेत.

आपल्याकडे या रचना बहुधा यादी करून शिकवल्या जातात. फळ्यावर चाळीस-पन्नास पदबंध, त्यांच्यासमोर मराठी अर्थ, आणि परीक्षेत रिकाम्या जागा. ही पद्धत सर्वस्वी निरुपयोगी आहे असे नाही. पण तीमुळे विद्यार्थ्याचा असा समज होतो की ही काहीतरी इंग्रजीची खास खोड आहे आणि ती केवळ घोकूनच जमते. वस्तुस्थिती निराळी आहे. तीच रचना त्याच्या घरच्या भाषेत आहे, फक्त उलट्या क्रमाने.

'ऑन अकाउंट ऑफ रेन' हा पदबंध घ्या. पहिले प्रेपोझिशन, मग नाम, मग दुसरे प्रेपोझिशन आणि शेवटी मूळ शब्द. आता मराठी पाहा : 'पावसाच्या कारणाने'. मूळ शब्द प्रथम, त्याला 'च्या', मग 'कारण' हे नाम आणि शेवटी 'ने'. इंग्रजी पदबंध शेवटून वाचत आलो की मराठी पदबंध मिळतो. उर्दूत 'बारिश की वजह से', कन्नडमध्ये 'मळेय कारणदिंद'. तिन्ही भाषांत तोच साचा. प्रेपोझिशन नामाच्या आधी येते आणि आपले शब्दयोगी नामानंतर येते, एवढे एक सूत्र लक्षात आले की उरलेला क्रम आपोआप उलटतो. एकाच वर्गात मराठी, उर्दू आणि कन्नड जाणणारी मुले असणे ही शिक्षकाला अडचण वाटते. निदान या प्रकरणापुरती ती सोय आहे, कारण एकच उदाहरण तिन्ही भाषांत मुलांकडूनच काढून घेता येते.

शब्दांचा इतिहास पाहिला तर साम्य अधिकच ठळक होते. 'बिहाफ' या शब्दातील 'हाफ' म्हणजे अर्धा नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'बाजू' असा होता. आपला 'तर्फे' हा शब्द अरबी 'तरफ' म्हणजे बाजू यावरून आला आहे. (महाराष्ट्रात गावाच्या नावापुढे 'तर्फ अमुक' असे आढळते, तो शब्दही हाच.) कन्नडमध्ये याच अर्थी 'परवागि' म्हणतात. 'इन्स्टेड' मधील 'स्टेड' आणि 'इन ल्यू ऑफ' मधील 'ल्यू' या दोहोंचा मूळ अर्थ 'जागा'. मराठी 'ऐवजी' हा अरबी 'इवज' म्हणजे मोबदला या शब्दापासून बनला. 'बिकॉज' हा शब्द 'बाय' आणि 'कॉज' यांचा सांधा आहे, तसा मराठी 'मुळे' हा 'मूळ' या नामाचाच गोठलेला प्रकार आहे. 'मार्फत', 'बाबत', 'खेरीज' हे शब्दही अरबी-फारसीतून आले आणि मराठीत शब्दयोगी म्हणून स्थिरावले. मराठी आणि उर्दू बोलणाऱ्या मुलांना एकत्र बसवून हे शब्द उलगडले तर तासभर वर्ग कंटाळत नाही, असा अनेक शिक्षकांचा अनुभव असेल.

या इतिहासातून एक शास्त्रीय प्रश्न निघतो. मधले नाम अजून नाम म्हणून जिवंत आहे की गोठून गेले आहे? मराठीत 'मित्राच्या मदतीने' असे म्हणतो तेथे 'मित्राच्या मोठ्या मदतीने' असेही म्हणता येते. परंतु 'मित्राच्या मोठ्या ऐवजी' असे कोणी म्हणणार नाही. पहिल्यात नाम जिवंत आहे, दुसऱ्यात ते गोठले आहे. इंग्रजीतही तसेच. 'विथ द हेल्प ऑफ' मध्ये 'ग्रेट' हे विशेषण घालता येते. 'इन स्पाइट ऑफ' मध्ये काहीही घालता येत नाही, 'स्पाइट' चे अनेकवचन करता येत नाही, 'ऑफ' बदलता येत नाही. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांनी १९८५ च्या आपल्या बृहद् व्याकरणात अशाच कसोट्या लावून हे पदबंध कमीअधिक घट्ट असतात असे दाखवले. हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने मात्र 'संयुक्त प्रेपोझिशन' असा वेगळा वर्ग मानण्यासच बहुतांशी हरकत घेतली आहे. त्यांच्या मते 'इन फ्रंट ऑफ द कार' यात 'इन' च्या पोटात 'फ्रंट' आणि 'फ्रंट' च्या पोटात 'ऑफ द कार' एवढेच आहे. सेबास्टियन हॉफमन यांनी २००५ साली सुमारे १० कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसच्या आधारे या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वाद विद्वानांचा आहे. वर्गात आपण कोणाची बाजू घ्यावी याला फारसे महत्त्व नाही. कसोट्या मात्र उपयोगी आहेत, कारण कोठे शब्द घालता येतो आणि कोठे नाही हे त्यांनी कळते.

हा नुसता व्याकरणाचा खेळ नाही, हे भारतीय संविधानावरून दिसते. अनुच्छेद २९ (२) नुसार राज्याने चालवलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्म, वंश, जात, भाषा यांपैकी कशाच्याही कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. तेथे इंग्रजी शब्दयोजना 'ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ' अशी आहे. 'ऑन ग्राउंड्स ऑफ' हा जुळलेला पदबंध फोडून त्याच्या पोटात 'ओन्ली' बसवला आहे. 'ग्राउंड्स' हे नाम जिवंत असल्यामुळेच हे शक्य झाले. 'इन स्पाइट ऑफ' मध्ये असा शब्द शिरू शकला नसता. मराठीत हा 'केवळ' आपण पदबंधाच्या आरंभी ठेवतो. मद्रास राज्याच्या जातवार प्रवेश-आदेशाविरुद्धच्या चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे तो आदेश रद्द ठरवला आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ (४) जोडला गेला. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांत काम करणाऱ्यांनी हा पदबंध शब्दशः वाचलेला बरा.

आता विद्यार्थ्यांच्या लेखनात नेमके काय बिघडते ते पाहू. पहिली गोष्ट सर्वनामांची. मराठीत सर्वनामाला नेहमीच षष्ठीचे रूप येते : माझ्यासमोर, माझ्यामुळे, माझ्याऐवजी, माझ्या वतीने. उर्दूतही 'मेरे सामने', 'मेरी वजह से'. त्यामुळे मुले 'इन माय फ्रंट' असे लिहितात. इंग्रजीत गोठलेल्या पदबंधाला 'ऑफ मी' लागते : 'इन फ्रंट ऑफ मी', 'बिकॉज ऑफ मी', 'इन स्पाइट ऑफ मी'. जेथे नाम जिवंत आहे तेथे 'माय' चालते, किंबहुना तेच स्वाभाविक असते : 'ऑन माय बिहाफ', 'फॉर माय सेक', 'इन माय प्लेस'. वर सांगितलेली जिवंत-गोठलेली ही कसोटी येथे बहुतेक वेळा कामी येते. मात्र 'बिहाफ' हा शब्द स्वतंत्रपणे कधी भेटत नाही, तरी 'माय' घेतो. अशा ठिकाणी सवयीवरच विसंबावे लागते.

'इन फ्रंट ऑफ' बाबत आणखी एक खोच आहे. बसमध्ये स्त्रियांसाठी राखीव जागा पुढच्या बाजूस असतात. हे सांगताना 'इन द फ्रंट ऑफ द बस' असे म्हटले पाहिजे. 'द' गाळला की त्या जागा बसच्या पुढे, रस्त्यावर येतात. 'इन केस ऑफ' आणि 'इन द केस ऑफ' यांतही असाच फरक आहे. पहिल्याचा अर्थ 'झाल्यास', दुसऱ्याचा 'च्या बाबतीत'. अतिवृष्टी झाल्यास शाळा बंद राहील, हे पहिल्याने सांगावे. जांबोटीच्या बाबतीत पावसाचे प्रमाण जास्त आहे, हे दुसऱ्याने.

दुसरी अडचण शेवटच्या प्रेपोझिशनची. मराठीत बहुतेक ठिकाणी 'च्या' पुरतो : च्या अनुसार, च्या संदर्भात, च्या व्यतिरिक्त. इंग्रजीत मात्र मधले नाम आपल्या मर्जीचे प्रेपोझिशन निवडते. म्हणून 'इन अकॉर्डन्स टू', 'इन कम्पॅरिझन ऑफ' अशी रूपे उत्तरपत्रिकेत आढळतात. यावर सोपा उपाय म्हणजे मूळ क्रियापदाकडे जाणे. 'अ‍ॅड' ला 'टू' लागते, म्हणून 'इन अ‍ॅडिशन टू'; 'कनेक्ट' आणि 'कम्पेअर' यांना 'विथ' चालते, म्हणून 'इन कनेक्शन विथ', 'इन कम्पॅरिझन विथ'. 'विथ रिगार्ड टू' मध्ये 'रिगार्ड' ला 'एस' लागत नाही, 'अ‍ॅज रिगार्ड्स' मध्ये लागतो; हे मात्र पाठच करावे लागते. 'डिस्पाइट' नंतर 'ऑफ' घालणे आणि 'इन स्पाइट' एकत्र जोडून लिहिणे हे दोष इतके सर्वत्र आहेत की छापील जाहिरातींतही दिसतात.

तिसरी अडचण अधिक मुळातली आहे. 'पाऊस पडत असूनही' याचे 'इन स्पाइट ऑफ इट वॉज रेनिंग' असे होते. शेवटच्या 'ऑफ' नंतर इंग्रजीत पूर्ण वाक्य येऊ शकत नाही. नाम हवे किंवा क्रियापदाचे 'आयएनजी' रूप हवे. मराठीतही 'मुळे' हे 'पाऊस पडला' या वाक्याला थेट लागत नाही. 'पडला' चे 'पडल्या' करून घ्यावे लागते, तेव्हा 'पडल्यामुळे' होते. म्हणजे दोन्ही भाषा क्रियापदाला आधी वाकवतात आणि मग शब्दयोगी जोडतात. हे विद्यार्थ्याच्या लक्षात आणून दिले की 'बिकॉज' नंतर वाक्य आणि 'बिकॉज ऑफ' नंतर नाम, हा नियम त्याला परका वाटत नाही. 'विथ अ व्ह्यू टू' नंतरही 'आयएनजी' रूपच येते. मराठी 'च्या दृष्टीने' हेतूसाठीही चालते आणि विचारात घेण्यासाठीही. इंग्रजीत हेतूला 'विथ अ व्ह्यू टू' आणि परिस्थिती विचारात घेण्याला 'इन व्ह्यू ऑफ' अशी वाटणी आहे. 'इन व्ह्यू ऑफ' च्या जागी 'इन ल्यू ऑफ' लिहिण्याची चूक तर महाग पडू शकते. अतिवृष्टी विचारात घेऊन सुट्टी मागणे आणि अतिवृष्टीच्या बदल्यात सुट्टी मागणे यांत जो फरक आहे, तोच यांत आहे.

याहून कमी लक्ष दिली जाणारी गोष्ट म्हणजे पदबंधाची वाक्यातील जागा. मराठी येथे इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोर आहे. 'रस्त्याबाबत पत्र लिहिले' यात 'बाबत' क्रियापदाकडे जाते. 'रस्त्याबाबतचे पत्र हरवले' यात 'चे' लागताच तो पदबंध पत्राचे विशेषण होतो. 'संदर्भात' आणि 'संदर्भातील' हीही अशीच जोडी. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'इन कनेक्शन विथ द रोड' एवढेच येते, रूप बदलत नाही. त्यामुळे 'द कमिटी रिजेक्टेड द अ‍ॅप्लिकेशन ऑन बिहाफ ऑफ द फार्मर्स' या वाक्याचे दोन अर्थ होतात : समितीने शेतकऱ्यांच्या वतीने आलेला अर्ज फेटाळला, किंवा समितीने शेतकऱ्यांच्या वतीने अर्ज फेटाळला. एकात शेतकरी अर्जदार आहेत, दुसऱ्यात अर्जाच्या विरोधात. मराठीत हा घोटाळा 'आलेला' या एका शब्दाने मिटतो. इंग्रजीतही तोच मार्ग आहे : 'मेड ऑन बिहाफ ऑफ' असे लिहावे, किंवा पदबंध वाक्याच्या आरंभी नेऊन स्वल्पविराम द्यावा. वाक्यारंभीची ही जागा आपल्या मुलांना मराठीच्या सवयीने सोपी जाते : 'ऑन अकाउंट ऑफ हेवी रेन, द चोर्ला रोड वॉज क्लोज्ड.'

एक सावधगिरी. या रचना शिकल्यावर विद्यार्थी त्या सर्वत्र पेरू लागतात, आणि आपल्या कचेऱ्यांचे इंग्रजी त्याला खतपाणी घालते. 'अबाउट' पुरेसा असता 'इन रिस्पेक्ट ऑफ', 'बाय' पुरेसा असता 'बाय मीन्स ऑफ'. ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' लिहिणाऱ्या अर्नेस्ट गावर्स यांनी अशा लांबण लावणाऱ्या प्रेपोझिशनांवर कठोर टीका केली होती. मराठी कचेरीतील 'च्या अनुषंगाने' वाचून ज्यांना कंटाळा येतो त्यांना ती टीका चटकन पटेल. तरीही 'विथ इफेक्ट फ्रॉम', 'सब्जेक्ट टू', 'इन ल्यू ऑफ' हे आदेशांतील पदबंध वाचता आलेच पाहिजेत, कारण नेमणूक कोणत्या तारखेपासून लागू झाली, कशाच्या अधीन राहून झाली आणि कोणत्या सवलतीच्या बदल्यात काय मिळाले हे त्यांच्यातच असते. लिहिताना साधा शब्द वापरायला शिकवावे आणि वाचताना आडवळणाचाही ओळखता यावा, अशी विभागणी वर्गात पहिल्याच सत्रात करून घेतली तर पुढचे काम हलके होते. त्यासाठी एखादा खराखुरा शिष्यवृत्ती-अर्ज व त्यासोबतचे इंग्रजी नियम वर्गात आणावेत, त्यांतील असे पदबंध मुलांनी अधोरेखित करावेत, आणि प्रत्येकाच्या मध्यावरील नाम शोधून त्याचा घरच्या भाषेतील जोडीदार शेजारी लिहावा.