लोणारच्या गुलाबी पाण्यातली प्रथिनं

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं आणि जवळच्या दुसरबीड गावापासून मुंबईपर्यंत तर्कांना ऊत आला. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. सापडले हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव. गुलाबी रंग त्यांच्याच रंगद्रव्याचा. मला कौतुक त्यांच्या प्रथिनांचं. ते राहतात तितक्या मिठात आपली बहुतेक प्रथिनं गोळा होऊन निकामी होतील. यांच्या प्रथिनांवर मात्र ऋणभारित अमिनो आम्लांची गर्दी असते, ती पाण्याचे रेणू धरून ठेवते. गोड्या पाण्यात उलट यांचीच घडी मोडते! अशाच एका मीठप्रेमी जीवाचं जांभळं प्रथिन उजेडाच्या बळावर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं. १९७५ मध्ये हेंडरसन आणि अनविन या संशोधक जोडीने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्याची रचना दाखवली: पेशीच्या पटलात आरपार रोवलेल्या सात मळसूत्री दांड्या.