लंडन ते पॅरिस : अंतर आणि अवधी

लंडन आणि पॅरिस या दोन राजधान्यांमधील हवाई अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे. २५ ऑगस्ट १९१९ रोजी या मार्गावर नियमित दैनिक विमानसेवा सुरू झाली, तेव्हा या प्रवासास सुमारे अडीच तास लागत. आज विमान सुमारे सव्वा तासात पोहोचते. मात्र वेळापत्रक वाचताना नवखा प्रवासी बुचकळ्यात पडतो. जाताना सव्वादोन तास, तर परतताना केवळ पाव तास! कारण साधे आहे : पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते.

परंतु अवधीचा खरा हिशेब घरच्या उंबरठ्यापासून करावयास हवा. विमानतळ गाठणे, सामानाची तपासणी आणि उतरल्यावर पुन्हा शहरात येणे यांत उड्डाणाहून अधिक वेळ सहज जातो. १९९४ साली इंग्लिश खाडीखालील बोगद्यातून आगगाडी धावू लागली. हा बोगदा सुमारे ५० किलोमीटर लांब असून त्यांपैकी ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत. आगगाडीसही तपासणी चुकत नाही. तथापि ती सुमारे सव्वादोन तासांत एका शहराच्या मध्यभागातून दुसऱ्याच्या मध्यभागी नेऊन सोडते. म्हणून प्रवासाचा बेत आखताना नुसता उड्डाणाचा आकडा न पाहता घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा काळ मोजावा, हेच शहाणपणाचे.